हात लावा, पण हात धुऊन

धुळ्यातल्या एका छापखान्यात एक कंपोझिटर होता. सगळे त्याला नाना म्हणत. पारोळ्याजवळच्या एका खेड्यातून तो रोज एसटीने अप-डाऊन करी. सकाळी भाकरीचा डबा घेऊन निघे आणि रात्री बोटांना शाईचा वास घेऊन परते.

नानाचे काम खिळे जुळवायचे. समोर उतरती लाकडी केस असे, तिच्यात शेकडो घरे. अख्ख्या ‘क’चे घर वेगळे, अर्ध्या ‘क’चे वेगळे, काना-वेलांट्यांची आणखी वेगळी. नाना केसकडे पाहत नसे. डोळे हस्तलिखितावर, डाव्या हातात स्टिक, आणि उजवा हात आपला आपण हव्या त्या घरात जाई. खिळ्यावर अक्षर उलटे असते, त्यामुळे उलटा मजकूर तो सुलट्याइतक्याच वेगाने वाची. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळे त्याच्या हाताखालून जात असे.

१९९८च्या सुमाराला मालकाने कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी काचेची केबिन केली, कूलर बसवला आणि दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावली. जळगावहून एक ऑपरेटर मुलगा आला. नाना काचेबाहेरून पाहत राहिला. बाहेर ज्या पानाला त्याची अख्खी दुपार जाई, ते पान आत चहा निवायच्या आधी तयार होई.

हळूहळू छपाईचे ट्रेडल यंत्र थांबले. शिशाचे खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. नाना प्रुफे तपासू लागला, मग बायंडिंगला बसला. २००३च्या दिवाळीनंतर मालक म्हणाला, “नाना, आता जमत नाही.” मालक वाईट माणूस नव्हता, पण पाच महिन्यांचा पगार थकला होता आणि गल्ल्यात पैसे नव्हते. नवे मशीन घेतल्यामुळे जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात पडून होता.

“हा घेऊन जा,” मालक म्हणाला.

नाना थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “केस ठेवायची घडवंचीपण द्या.”

घडवंची एसटीच्या टपावर चढली. कॉम्प्युटर मात्र नानाने गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला. कंडक्टर ओळखीचा होता. त्याने विचारले, “टीव्ही घेतला का नाना?”

“नाही,” नाना म्हणाला, “छापखाना.”

घरी आल्यावर घडवंची ओसरीवर लागली आणि तिच्यावर कॉम्प्युटर बसला. शेजारपाजारच्या बायका पाहायला आल्या. एक म्हातारी नानाच्या बायकोला म्हणाली, “हाऊ डबा कसाले जोयजे व माय?” पगाराऐवजी डबा घेऊन आलेल्या माणसाची बायको काय उत्तर देणार? ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरे दारात गोळा झाली. कुणाचे हात मातीचे, कुणाचे शेवेच्या तेलाचे. नाना ‘हात लावू नका’ म्हणणार, तेवढ्यात ती आतून म्हणाली, “हात लावा, पण हात धुऊन.”

तिने ओसरीच्या कडेला पाण्याची बादली आणि साबणाची वडी ठेवली. त्या घरातला तोच नियम झाला.

ते दिवस लोडशेडिंगचे होते. खेड्यात बारा-बारा तास वीज नसे. कधी ती रात्री दोनला येई आणि माणसे उसाला, कपाशीला पाणी द्यायला उठत. नानाच्या ओसरीवरही तेव्हाच उजेड लागे. नाना आणि त्याची धाकटी मुलगी पहाटेपर्यंत बसत. ती अकरावीला होती. कीबोर्डवर तिचा हात भराभर बसला, पण ऱ्हस्व-दीर्घाचा आनंद होता. नानाला कीबोर्ड कळत नव्हता, पण छापलेल्या ओळीतली एक चुकलेली वेलांटी त्याच्या डोळ्यांतून सुटत नव्हती. मुलगी श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करी आणि नाना पडद्याला नाक लावून वाची. एकाला जे येत नव्हते ते दुसऱ्याला येत होते. आखाजीच्या सुमाराला लग्नसराई आली, तेव्हा पंचक्रोशीतल्या पत्रिका त्यांच्याकडून जुळून धुळ्याला छपाईला जाऊ लागल्या. ज्या छापखान्याने नानाला घरी बसवले, त्याच छापखान्यात त्याची कामे गिऱ्हाईक म्हणून जाऊ लागली.

त्याच वर्षी गावच्या शाळेलाही कॉम्प्युटर आले. एक-दोन नव्हे, आठ. नवेकोरे. त्यांच्यासाठी एक खोली रिकामी केली, फरशी बसवली, खिडक्यांना जाळ्या लावल्या. उद्घाटनाला नारळ फुटला. हेडसरांनी आठही नग डेड स्टॉक रजिस्टरला चढवले, प्रत्येकावर प्लॅस्टिकचे झाकण घातले आणि खोलीला कुलूप लावले. तपासणीला साहेब आले की कुलूप निघे, झाकणे निघत, साहेब समाधानाने मान हलवत आणि मग झाकणे परत चढत. मुलांना आठवड्यातून एकदा खोली दाखवत. चप्पल बाहेर, हात पाठीशी.

हेडसर कडक होते, पण वेडे नव्हते. एक मशीन बिघडले की चौकशी होणार आणि रजिस्टरला सही आपली, हे त्यांना ठाऊक होते. निवृत्तीला सहा वर्षे राहिली होती.

नानाचा कॉम्प्युटर मात्र सारखा बिघडे.

पहिल्यांदा तो नुसताच लांब शिट्ट्या मारू लागला. पडदा काळा. धुळ्याहून दुरुस्तीवाला आला. त्याने स्क्रू काढले, झाकण बाजूला केले, आतली एक हिरवी पट्टी उपसली, खिशातल्या खोडरबराने तिच्या पिवळ्या दातांवर दोन-चार वेळा घासले आणि परत दाबून बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. त्याने शंभर रुपये घेतले. मुलगी शेजारी उभी राहून पाहत होती. दोन महिन्यांनी पुन्हा शिट्ट्या सुरू झाल्या, तेव्हा तिने दप्तरातला खोडरबर काढला.

“करंट लागेल,” आई म्हणाली.

मुलीने वायर भिंतीतून उपटली, लोखंडी खिडकीला हात लावून घेतला आणि स्क्रू काढले. तिने दुरुस्तीवाल्याला हे सगळे करताना पाहिले होते. पट्टी घासून बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. त्या दिवसापासून झाकणाचे चारांपैकी दोनच स्क्रू लावायचे ठरले, कारण उघडावे लागणारच होते.

मग एकेक कळत गेले. घड्याळ रोज मागे जाऊ लागले, तेव्हा रुपयाएवढा गोल सेल बदलायचा असतो हे कळले. मे महिन्यात खान्देशचे ऊन पंचेचाळीसला टेकले की कॉम्प्युटर आपोआप बंद पडे. तेव्हा प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली असते आणि पंख्याच्या पात्यांत कापसाची धूळ बसलेली असते हे कळले. उन्हाळाभर झाकण काढून ठेवायचे आणि शेजारी टेबलफॅन लावायचा, हा उपाय आईने सुचवला. त्यामुळे दोन महिने पोरांना आतले सगळे उघडे दिसे. कुठली वायर कुठे जाते यावर त्यांच्या पैजा लागत.

नुकसानही झाले. एका लग्नसराईत ऐन भरात हार्ड डिस्क गेली. चाळीस-पंचेचाळीस पत्रिकांचा मजकूर तिच्यात होता. शेजारच्या पोराने खेळताना घडवंचीला धक्का दिला होता. ते पोर रडत कोपऱ्यात बसले आणि मुलगीही रडू लागली. नानाने दोघांना चहा दिला. मग सांगितले, “छापखान्यात एकदा माझ्या हातून बांधलेला फर्मा सांडला होता. आठ पानांचे खिळे फरशीवर. मालक काही बोलला नाही, बोलला एवढंच, की उचल. रात्रभर एकेक खिळा त्याच्या घरात टाकला. पुन्हा कधी सांडला नाही.” त्या रात्री तिघांनी हस्तलिखिते काढली आणि पहिल्या पत्रिकेपासून सुरुवात केली. पुढे रोज झोपताना दिवसभराचे काम सीडीवर उतरवायचे, हे काम त्या पोराकडे गेले. त्याने ते चुकवले नाही.

दोन वर्षे गेली. एका संध्याकाळी हेडसर स्वतः नानाच्या ओसरीवर आले. सहामाही परीक्षा तोंडावर होती आणि प्रश्नपत्रिका टाइप करायच्या होत्या.

नाना म्हणाला, “सर, शाळेत आठ आहेत ना?”

हेडसर हसले, पण ओशाळून. “आहेत. नीट आहेत.”

नानाने कागद घेतले. मग सहज बोलावे तसे म्हणाला, “सर, आपल्या धुळ्यात राजवाडे मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ला धुळ्यातच वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं मंडळ निघालं. जन्मभर पायपीट करून त्यांनी लोकांच्या घरातले जुने कागद गोळा केले, बावीस खंड छापले. छापखान्यात म्हातारे लोक सांगायचे, ज्या वाड्यात कागद बांधलेले रुमाल सोडून कुणी वाचत होतं, तिथले कागद हाती लागायचे. जिथं आजोबांपासून कुणी हात लावला नव्हता, तिथं रुमाल सोडला की आत वाळवीची माती.”

हेडसर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नाना, रुमालांचं डेड स्टॉक रजिस्टर नव्हतं.”

यावर नानाकडेही उत्तर नव्हते. प्रश्नपत्रिका मात्र वेळेवर झाल्या.

नानाच्या बायकोची गोष्ट निराळी. ती चौथी शिकलेली. गावात बारा बायकांचा बचत गट होता आणि त्याची वही अध्यक्षीणबाईंच्या ट्रंकेत असे. दर महिन्याला कुणाचे किती भरले, कुणाचे व्याज किती, यावर कुरबूर होई. एकदा तर भांडण एवढे वाढले की गट मोडायला आला. तेव्हा तिने मुलीला विचारले, “या डब्यात वही मांडता येते का?” मुलीने एक्सेल उघडून दिले. आडव्या ओळीत बायका, उभ्या रकान्यात महिने. आकडे टाकायला आई दोन बोटांनी शिकली. बेरीज डबा करी.

पुढच्या बैठकीला बाराही जणी ओसरीवर बसल्या. पडदा सगळ्यांना दिसत होता. जिला वाचता येत नव्हते, तिलाही आपली ओळ कितवी ते पाठ झाले. एकीने पन्नासची नोट दिली की तिच्या ओळीत पन्नास उमटे आणि खालची बेरीज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बदले. चुकून शून्य जास्त पडले, तर तिकडून तिघी एकदम ओरडत. वही एकीच्या हातात असताना जो संशय होता, तो पडदा सगळ्यांसमोर आल्यावर राहिला नाही. गट टिकला. त्यातूनच पुढे मुलीच्या शिक्षणाला कर्ज मिळाले.

मुलगी अमळनेरला एमएस-सीआयटीला गेली. महाराष्ट्रात २००१ला सुरू झालेला हा कोर्स तोवर नोकरीच्या जाहिरातींत मागितला जाऊ लागला होता. तिथल्या सरांनी पहिल्या दिवशी कॉम्प्युटरचे भाग फळ्यावर काढून दाखवले. तिने हात वर करून सांगितले की आत वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचे चित्र उलटे आहे. पुढे ती जळगावला सासरी गेली आणि तिथे तिने दुरुस्तीचे लहानसे दुकान घातले. माहेरचा कॉम्प्युटर माहेरीच राहिला.

तोवर तो पहिला राहिला नव्हता. हार्ड डिस्क तर केव्हाच बदलली होती. मग जड काचेच्या पडद्याजागी सपाट पडदा आला. एसएमपीएस जळाला, तो बदलला. शेवटी मदरबोर्डही नवा आला. डबा मात्र तोच होता, कारण आतल्या बोर्डाची मापे तीच राहिली आणि स्क्रूची भोके जुळत गेली. एका वेळी एकच वस्तू घ्यावी लागे, हजार-दोन हजारांची. नानासारख्या माणसाला तेवढे झेपत होते. सगळा कॉम्प्युटर एकदम बदलायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही.

२०१६नंतर घरोघरी फोन आले. इंटरनेट स्वस्त झाले. लोक म्हणाले, आता नानाचा डबा भंगारात. काही महिने ओसरी खरोखर ओस पडली. मग एकेक जण परत येऊ लागला. पीकविम्याचा अर्ज फोनवर अर्ध्यात अडके. कुणाच्या प्रवेशअर्जाला फोटो ठरावीक केबीचाच हवा असे, कुणाला पाच कागद एका फाइलीत जोडायचे असत. २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, पण म्हाताऱ्या शेतकऱ्याला फोनच्या पडद्यावर आपला गट नंबर दिसेना. तो ओसरीवर बसे. कुणीतरी पोर उतारा मोठा करून दाखवी आणि म्हातारा बोट ठेवून आपले नाव वाची.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाली. फोन बापाच्या खिशात आणि बाप शेतात, अशी बहुतेक घरे होती. नानाने पडदा अंगणाकडे वळवला. मुले अंगणात अंतर सोडून बसली. बादली आणि साबण तिथे होतेच. त्या वर्षी सगळा देश हात धुऊ लागला होता.

गोष्ट सांगणाऱ्याने मध्ये बोलू नये, पण इथे दोन शब्द. घरात कॉम्प्युटर असण्याचा फायदा विचारला की लोक कामांची यादी देतात, आणि त्या यादीतली निम्मी कामे आता फोनवर होतात. ओसरीवरच्या डब्याचे देणे त्या यादीत बसत नाही. तो जागचा हलत नव्हता, म्हणून माणसे त्याच्याभोवती बसली. तो उघडता येत होता, म्हणून पोरांची भीती गेली. यातले काहीही झाले नसते, जर तो बिघडला तरी चालेल, असे त्या घराने पहिल्याच दिवशी मान्य केले नसते. शाळेचे आठ त्याच्याहून नवे होते आणि महागही.

त्या आठांचे काय झाले ते सांगायचे राहिले. हेडसर निवृत्त झाले. त्यांच्या मागून आलेल्यांनीही किल्ली जपली. लॉकडाऊन संपल्यावर शाळेत एक नव्या बाई आल्या. त्या याच गावच्या. नानाच्या ओसरीवर उन्हाळाभर वायरींवर पैजा लावणाऱ्या पोरांतली एक. त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय मांडला आणि मशीन दुरुस्तीसाठी उघडायला हरकत नाही, असा ठराव लिहून घेतला. मग कुलूप काढले.

झाकणे जशीच्या तशी होती. झाकणांखाली उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. दोन डब्यांत घरटी होती. कीबोर्डच्या कळा मात्र नव्याकोऱ्या, एकीवरचेही अक्षर पुसलेले नव्हते.

बाईंनी नानाला बोलावले. नाना आता पंचाहत्तरीला आला होता. तो खुर्चीवर बसला आणि सातवीची मुले फरशीवर. आठही डबे उघडले. चालणारी रॅम एका रांगेत, पंखे दुसऱ्या रांगेत, स्क्रू एका ताटलीत. नानाने मुलांना सांगितले की ज्या डब्यातून जे निघाले त्याची चिठ्ठी तिथेच ठेवा, नाहीतर फर्मा सांडेल. फर्मा म्हणजे काय, ते सांगण्यात एक तास गेला.

चार दिवसांत तीन मशीन उभी राहिली. जुनाट होती, त्यांच्यावर नवे विंडोज चालणार नव्हते. बाईंनी लिनक्स टाकले. डेड स्टॉक रजिस्टरात त्यांनी आठ नगांपुढे शेरा लिहिला : तीन चालू, चार सुट्या भागांसाठी, एक दुरुस्तीत. जो दुरुस्तीत होता, त्याचा एसएमपीएस जळगावहून यायचा होता. नानाच्या मुलीने तो सोमवारच्या एसटीने पाठवते म्हणून सांगितले होते.